अधिक महिन्यातले मणके

त्या टेबलाला एका टोकाला भोक होतं, आणि ते पोटासाठी आहे असं मला वाटलं.

यात माझं फार काही चुकतंय असं तेव्हा तरी वाटलं नाही. माझं पोट असं आहे की पालथं झोपायचं म्हटलं की आधी त्याची व्यवस्था लावावी लागते. अखेर कुणीतरी आपल्यासारख्यांचा विचार केला, अशा कृतज्ञतेने मी त्या भोकावर पोट नीट बसवलं, डोकं टेबलाच्या मधोमध टेकवलं आणि कमरेखालचा सगळा ऐवज अधांतरी लोंबकळत ठेवून डॉक्टरांची वाट पाहत राहिलो. डॉक्टर आत आले. हातातली फाइल त्यांनी बाजूला ठेवली.

"काका," मग ते म्हणाले, "तिथे तोंड घालायचं असतं."

"कुठे?"

"जिथे आत्ता पोट आहे, तिथे."

वारज्याच्या त्या दवाखान्यात माझा प्रवेश झाला तो असा. पुढे मी जे केलं त्याच्या मानाने ही चूक गोंडसच म्हणायची. निदान हिच्यापायी दुसऱ्या कुणाला काही झालं नाही.

मी तिथे गेलो ते पाठीसाठी. मी एका विमा कंपनीत आहे. लोकांनी केलेले दावे खरे की खोटे हे तपासणं माझं काम. दिवसभर खुर्ची, जाता-येता स्कूटर, त्यामुळे पाठ कुरकुरायची. पन्नाशीनंतर काहीच कुरकुरत नसेल तर माणसाने घाबरावं, अशा मताचा मी. मग एका सकाळी दारातला पेपर उचलायला वाकलो तो वाकलेलाच राहिलो.

"अहो, काय झालं?" बायकोने आतून विचारलं.

"सरळ होता येत नाहीये."

ती बाहेर आली, मला चारी बाजूंनी पाहिलं आणि म्हणाली, "हलू नका मग. इस्त्रीचे कपडे आलेत, पाठीवर ठेवते."

शेकून झालं, मलमं झाली, गोळ्या झाल्या. शेवटी ऑफिसातल्या एकाने या डॉक्टरांचं नाव सांगितलं. ते कायरोप्रॅक्टर होते. म्हणजे हाताने मणके जागेवर बसवणारे. तो शब्द माझ्या तोंडात बसेपर्यंत पाठ निम्मी बरी झाली होती. बायकोने तो शब्द एकदाही उच्चारला नाही. ती त्यांना पहिल्यापासून 'तुमचा हाडं वाजवणारा' म्हणायची.

पण हाडं वाजली खरी. तोंड योग्य भोकात घातल्यावर त्यांनी पाठीवर कुठेतरी तळहात ठेवला, श्वास सोडा म्हणाले, आणि कुणीतरी माझ्या आत उडदाचा पापड मोडल्यासारखा आवाज आला. चार-पाच फेऱ्यांनंतर मी ताठ चालू लागलो. पाठीला गुण आला, हे मी आजही नाकारत नाही. गोष्ट तिथेच संपायला हवी होती. पण त्या दवाखान्याच्या भिंतीवर एक तक्ता होता.

तक्त्यावर माणसाचा कणा काढलेला, आणि एकेका मणक्यातून एकेक रेघ निघून कुठल्या ना कुठल्या अवयवाला जाऊन भिडलेली. ही घशाला, ही फुप्फुसाला, ही आतड्याला. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'मोकळा कणा, मजबूत प्रतिकारशक्ती'. माझ्यासारख्या माणसाला बाणांनी जोडलेलं काहीही पटतं.

"म्हणजे डॉक्टर, यानं सर्दी-खोकलाही होत नाही?" मी भोकातून जमिनीला विचारलं.

डॉक्टर तरुण होते आणि त्यांचा अंगठा तेव्हा माझ्या मानेत होता. "काही लोक तसा अनुभव सांगतात, काका," ते म्हणाले. "पण त्याला पक्का पुरावा नाही. आपण इथे पाठ बघतो. तो तक्ता टेबलाबरोबर आला होता."

यातलं पहिलं वाक्य तेवढं मी घरी नेलं.

त्या हिवाळ्यात मला खरोखरच सर्दी झाली नाही. झालं! टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना मी मणक्यांवर व्याख्यानं देऊ लागलो. ऑफिसात कुणी शिंकला की त्याला रुमाल काढायलाही अवधी न देता मी विचारायचो, "मान दाखवलीत का कुणाला?" दिवसभर लोकांच्या दाव्यांना पुरावे मागणारा मी, स्वतःचा दावा मात्र सोसायटीच्या लिफ्टमध्ये चार मजल्यांत पटवून द्यायचो.

"एवढ्या हिवाळ्यात एक शिंक नाही," मी एकदा जेवताना म्हणालो.

"मागच्या हिवाळ्यात तरी कुठे होती?" बायको म्हणाली आणि आमटी वाढली.

मे महिन्यात तिला बंगळुरूला जायचं होतं. आमच्या मुलीचं बाळंतपण होतं, तिला रजा कमी होती आणि प्रवास नको म्हणून सांगितलेलं, त्यामुळे इथून आईच तिकडे निघाली होती. जाण्याआधी फ्रिजवर चिकटवायच्या सूचना वगैरे तिने काही केलं नाही. ती म्हणाली, "तुमचं तुम्ही बघालच. उपाशी राहणाऱ्यांतले तुम्ही नाही. एकच काम सांगते. पाऊस लागायच्या आत अण्णांना फ्लूची लस द्यायची. विसरू नका."

अण्णा म्हणजे माझे सासरे. नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. गणिताचे शिक्षक होते. सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली. दोन्ही वेळचा स्वयंपाक करायला एक काकू येतात. वय ऐंशीच्या पुढे आणि दमा तरुणपणापासूनचा, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांनी दरवर्षी पावसाआधी ही लस चुकवायची नाही असं बजावलेलं. आणि दरवर्षी माझी बायको त्यांना हाताला धरून गल्लीच्या टोकाला त्या डॉक्टरांकडे नेत असे आणि परत येताना दोघं उसाचा रस पीत असत. एवढंच ते काम. ते मी केलं नाही. विसरलो असतो तर एक वेळ सांगता तरी आलं असतं.

यंदा नेमका तेव्हाच अधिक महिना आला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: तीन वर्षांतून एकदा येणाऱ्या या महिन्यात जावयाला देवाच्या रांगेत बसवतात. सासरी बोलावून पुरण भरलेले उकडीचे धोंडे जेवू घालतात आणि वर तेहतीस अनारसे आणि दिवा दान देतात. एरवी पेठेत कुणी कुणाला सरळ उत्तर देत नाही, पण अधिकात जावई मात्र आदराने ऐकून घेतला जातो. सगळ्या पुण्यात मला हा दर्जा देणारी एकच जागा आहे, आणि मी तिथे गेलो.

मुलगी गावात नसली तरी अण्णांनी बेत मोडला नव्हता. काकूंनी पाटाभोवती रांगोळी काढली होती. अण्णा धुतलेलं धोतर नेसून, स्वतः तांब्या-भांडं घेऊन उभे.

"बसा जावईबापू."

धोंडे मी पाच खाल्ले, कारण ते तळलेले नव्हते. जेवण झाल्यावर अण्णांनी अनारशांचा स्टीलचा डबा आणि त्यावर दिवा ठेवून माझ्यापुढे केला. आणि मी, भरल्या पोटाने, हात आडवा धरला.

"अण्णा, दिवा घेतो. अनारसे नकोत. तळलेलं आणि गोड, दोन्हींनी प्रतिकारशक्ती उतरते."

काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "अहो, दान असतं ते. जावयानं घेतल्याशिवाय पोचत नाही."

"भावना पोचल्या," मी म्हणालो.

अण्णांनी डबा हळूच बाजूला सरकवला. मग म्हणाले, "लसीला कधी जायचं आपण? ती सांगून गेलीय."

इथे मी थांबायला हवं होतं. पण खाली पाट, मागे तक्क्या, पोटात पुरण, समोर ऐकून घेणारा माणूस. मी अण्णांना कणा सांगितला. मणका, मज्जा, रेघा, फुप्फुस. लस म्हणजे बाहेरून लावलेलं ठिगळ, असंही मी म्हणालो. हे वाक्य आठवलं की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात.

अण्णा ऐकत होते. "आम्ही वर्गात असं विधान आधी सिद्ध करायला लावायचो," ते म्हणाले.

"मीच सिद्धता, अण्णा! सबंध हिवाळा, एक शिंक नाही."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. फळ्यावर चुकीचं उत्तर खणखणीत आवाजात वाचून दाखवणाऱ्या मुलाकडे शिक्षक पाहतात, तसं. मग मान हलवली.

"बरं. तुम्ही म्हणता तसं करू, जावईबापू."

एका गणिताच्या शिक्षकाला आपण पटवलं, या आनंदात मी जिना उतरलो.

त्याच आठवड्यात मी त्यांना रिक्षाने वारज्याला आणलं. अण्णांनी मात्र पहिल्याच खेपेला तोंड बरोबर जागी घातलं. डॉक्टरांनी त्यांच्या पाठीवरून बोटं फिरवली, कुठली औषधं चालू आहेत ते विचारलं, आणि त्यांना हात देऊन उठवून बसवलं.

"काका, मी यांना काही करणार नाही," ते मला म्हणाले. "दम्याची औषधं इतकी वर्षं चालू आहेत, हाडं ठिसूळ असणार. थोडं शेकून देतो, खांद्यांना बरं वाटेल."

"आणि प्रतिकारशक्तीसाठी?"

"त्यासाठी फ्लूची लस. यंदाची घेतलीय ना?"

अण्णांनी सदरा अंगात चढवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पडद्यापलीकडे दोन माणसं बसली होती. त्यांतल्या एकाला मीच टेकडीवर पटवून पाठवलं होतं. त्याच्या देखत 'नाही' म्हणायचं तर कारणही सांगावं लागलं असतं.

"हो, हो," मी म्हणालो. "ते काय, दरवर्षी होतंच."

अण्णा सदऱ्याची बटणं लावू लागले. एक बटण वरच्या काजात गेलं आणि सदरा एका बाजूने वर चढला. नारायण पेठेपर्यंत तो तसाच होता. मला दिसत होतं, पण त्यांच्याकडे वळून पाहायचं मी टाळत होतो. उतरताना तेच म्हणाले, "छान शेकलं हो."

दुसऱ्या दिवशी बायकोचा फोन. मागे मुलीचा आवाज, कुकरची शिट्टी. "अण्णांची लस झाली का?"

"हो, झालं ते."

खोटं बोलताना माणसाला आपण खोटं बोलतोय असं वाटत नाही, निदान मला वाटलं नाही. पुढच्या सोमवारी नेऊन आणू, म्हणजे खरंच होऊन जाईल, असं मी मनाशी म्हटलं. सोमवारी ऑफिसात तपासणी निघाली. मग मुलीला मुलगी झाली, आणि मी पेढे वाटत सुटलो. अण्णांनाही नेऊन दिले. "पणतीचे पेढे!" म्हणाले आणि अर्धा तोडून देवापुढे ठेवला. त्या दिवशी त्यांचा डॉक्टर गल्लीच्या टोकाला होता, आणि मी होतो, आणि स्कूटरही होती. पण पाऊस भरून आला होता, म्हणून मी घरी निघालो.

मग एका सकाळी काकूंचा फोन आला. आधी त्या स्वतः सर्दीने पडल्या होत्या, आता अण्णांना ताप होता. "या लवकर. धाप लागलीय त्यांना."

मी पोचलो तेव्हा ते पलंगाच्या कडेला बसले होते, दोन्ही हातांनी पलंगाची पट्टी धरून. प्रत्येक श्वासाला खांदे कानापर्यंत वर जात होते. मला पाहून त्यांनी दोन श्वास जमवले आणि म्हणाले, "जावईबापू… चहा घेणार?"

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासलं. फ्लूच होता, छातीत उतरला होता. "लस?" त्यांनी विचारलं.

"राहिली."

एका शब्दात किती सोय आहे! जशी काही लसच मागे राहिली, रस्त्यात चप्पल राहावी तशी. मी त्यांना विचारलं, घेतली असती तर?

"तरी ताप आला असता कदाचित. पण बहुधा इतका चढला नसता," त्या म्हणाल्या. "अशा छातीला, या वयात, म्हणून तर देतो ना."

बायकोला कळवावंच लागलं. बारसं दोन दिवसांवर आलं होतं. नातीसाठी तिने स्वतः शिवलेली कुंची आणि दुपटं इथूनच नेलं होतं. पाळण्यात घालताना ती कुंची आजीने बांधायची, असं मायलेकींचं ठरलेलं. ते सगळं सोडून ती मिळेल त्या बसने निघाली. सकाळी स्वारगेटला मी तिला घ्यायला गेलो. एक पिशवी घेऊन उतरली. डोळे सुजलेले.

"बारसं?" मी विचारलं. दुसरं काय विचारावं सुचेना.

"होईल," ती म्हणाली. "माझ्यावाचून काही अडत नाही."

वॉर्डात अण्णांच्या नाकातोंडावर मास्क होता. तिने त्यांच्या कपाळावर हात ठेवला, पांघरूण सारखं केलं, आणि मग तिला लसीचं आठवलं. "डॉक्टर म्हणतायत लस राहिली. फोनवर तर हे झाली म्हणाले होते."

मी थर्मासचं झाकण घट्ट करत होतो. ते आधीच घट्ट होतं.

अण्णांनी मास्क बाजूला केला. "मीच… नको म्हटलं. या वयात सुईची भीती वाटते. आणि मीच यांना सांगितलं, तिला झाली म्हणून सांगा. उगाच काळजी करेल."

एवढं बोलायला त्यांना चार श्वास लागले. मला एकच लागला असता. मी थर्मास धरून उभा राहिलो.

बायकोने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मास्क लावा, अण्णा," ती म्हणाली.

बारशाच्या दिवशी आम्ही हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकावर होतो. मुलीने व्हिडिओ कॉल लावला. पाळणा, फुगे, बायकांचं गाणं; मध्येच चित्र थिजायचं आणि सगळ्या उघड्या तोंडाने तशाच राहायच्या. व्याह्यांच्या घरातली एक आत्या कुंची बांधत होती. माझी बायको फोनला सांगत होती, "अगं, गाठ कानामागे नको, टोचेल. जरा पुढे. पुढे गं." तिकडे आवाज पोचत नव्हता. मग तिने फोन खाली केला, आणि तो बंद झाला की तिने केला, ते मला कळलं नाही. थोड्या वेळाने तिने पिशवीतून फणी काढली आणि अण्णांचे केस विंचरायला आत गेली. मी बाकावर बसून राहिलो. पाठ उत्तम होती. इतका वेळ बाकावर बसूनही कुठे कळ नाही. त्या दिवशी ती दुखली असती तर मला बरं वाटलं असतं.

अण्णा सावरले. हळूहळू मास्क गेला, नाकात नळी आली, नळी गेली. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं: लसीचं विसरू नका, पुढच्या भेटीत तारीख ठरवू. बायको माहेरी राहिली, त्यांना पातळ भात आणि मऊ खिचडी करून घालत. मग एका सकाळी ती वारज्याला आमच्या घरी आली, पदर खोचला आणि इतके दिवस मी ठेवलेलं स्वयंपाकघर पाहून नुसती उभी राहिली. मला वाटलं, हीच वेळ. एरवीही ती रागावणारच आहे, त्यात हेही मावेल.

मी सांगितलं. धोंड्याचं जेवण, ठिगळ, दवाखाना, पडद्यापलीकडची माणसं, फोन, पेढे. ती भांडी विसळत होती. नळ तिने बंद केला नाही, त्यामुळे मला सगळं मोठ्याने सांगावं लागलं.

"माहीत होतं मला," शेवटी ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. अण्णांना सुईची भीती? दमा उफाळला की रात्रंदिवस सुया टोचून घेतलेला माणूस आहे तो. आणि मी त्यांना नंतर दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच उत्तर, शब्दाला शब्द. गणिताच्या मास्तरने पाठांतर केलं की लगेच कळतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला बघायचं होतं, तुम्ही त्यांना किती दिवस पुढे करून मागे उभे राहता." तिने नळ बंद केला. "मला काय सांगताय? त्यांना जाऊन सांगा."

त्याच दिवशी मी नारायण पेठेत गेलो. रस्ताभर वाक्यं जुळवली. दार उघडलं ते अण्णांनीच. सदरा अंगात ढगळ झाला होता.

"या, या. काकू, ताट वाढा हो एक."

"अण्णा, जेवायला नाही आलो. आधी ऐकून घ्या माझं."

"वेळ जेवणाची आहे. जेवताना ऐकतो."

मी नको नको म्हणत असताना पाट मांडला गेला. आणि मी पाटावर बसलो. अपराध कबूल करायचा तो वरणभातावर तूप घेऊन, ही पद्धत माझ्याशिवाय कुणी पाडली नसावी. तरी सांगितलं. मान खाली घालून, पहिल्या घासाआधी, सगळं. तुम्हाला खोटं बोलायला लावलं, हेही सांगितलं.

अण्णा माझ्या समोर खुर्चीत बसून ऐकत होते. "तुम्ही मला पटवलं नव्हतंत," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तक्त्यातल्या रेघांचं. एका माणसाला एका हिवाळ्यात सर्दी झाली नाही, यावरून काही निघत नाही. सातवीतल्या मुलालाही कळेल."

"मग तुम्ही हो का म्हणालात?"

"अधिक महिना होता. जावयाचा शब्द घरात मोडायचा नाही, हा तुमच्या सासूबाईंचा नियम. ती असताना मी तो कधी मोडला नाही, आता कसा मोडू?" ते जरा थांबले; अजून दम लागत होता. "म्हटलं, तुमचं मन राखू, आणि नंतर आपण गुपचूप जाऊन टोचून येऊ. एक दिवस उतरलोही खालपर्यंत. मग वाटलं, उद्या तुम्ही विचारलंत तर? खोटं बोलावं लागेल. म्हणून परत वर आलो."

त्या जिन्याला कठडा एका बाजूलाच आहे. मी तो जिना डोळ्यांपुढे आणू नये म्हणून ताटाकडे पाहत राहिलो.

"पण हॉस्पिटलात तर बोललात खोटं. माझ्यासाठी."

"ते मुलीशी," अण्णा म्हणाले. "जावयाशी नाही. भात घ्या, निवतोय."

मी जेवलो. घास उतरत नव्हता असं लिहिलं तर चांगलं दिसेल, पण उतरत होता. निघताना वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी "असू दे, असू दे" म्हणत कपाटातून एक डबा काढला. तोच, स्टीलचा.

"हे तुमचं राहिलं होतं. जरा मऊ पडले असतील."

तो तेवढे दिवस तिथेच होता. दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, स्वतः खायचा नाही. ज्याच्यासाठी आहे त्याने घेतल्याशिवाय पोचत नाही. आजारपणातही काकूंना त्याला हात लावू दिला नव्हता म्हणे. या खेपेला मी दोन्ही हातांनी घेतला.

घरी आलो तर बायको गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती.

"सांगितलंत?"

"हो. सगळं."

"काय म्हणाले?"

मी सांगितलं, जिन्याचंही सांगितलं. तिच्या हातातली उशीची खोळ बराच वेळ तिथेच राहिली. मग तिचं लक्ष डब्याकडे गेलं.

"हे काय?"

"अनारसे. अधिकातले. आणि… जेवूनही आलो."

तिने डबा घेतला, झाकण उघडलं, एक अनारसा काढून अर्धा मोडला. कुरकुरीतपणा केव्हाच गेला होता, नुसता वाकला. तिने तो तोंडात टाकला, बाहेर बघत सावकाश खाल्ला. डोळे पुसले नाहीत, पण पुसायला हवे होते. मग झाकण लावून डबा माझ्या हातात परत दिला.

"माफी मागायला गेलात आणि जेवून, वर डबा घेऊन आलात," ती म्हणाली. "संपले की डबा घासून नेऊन द्या. आणि रिकामा न्यायचा नाही, एवढं माहीत असेलच. त्यात काय भरायचं ते तुम्ही बघा. मी करून देणार नाही, आणि बाजारातलं चालणार नाही."